मदत हवी आहे: स्वतःच्या आयरिश धुनांचा पहिला अल्बम, एकत्र वाजवून मुद्रित करावा की वेगवेगळा?

सई_एनिस:
नमस्कार. माझ्या पहिल्या अल्बमचे ध्वनिमुद्रण पुढच्या महिन्यात ठरले आहे आणि स्टुडिओला शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा आहे. ध्वनिमुद्रकांचा आग्रह आहे की प्रत्येकाने कानात क्लिक (लय मोजणारी टिकटिक) ऐकत आपापला भाग स्वतंत्र वाजवावा. परवा तसा एक रील (जलद नाचाची धून) वाजवून पाहिला, तेव्हा सूर आणि लय दोन्ही बिनचूक असूनही त्यावर कोणाचेही पाऊल उचलले गेले नसते. धुना सगळ्या माझ्याच आहेत. ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया लवकर सांगावे, कारण आगाऊ रक्कम भरल्यावर पद्धत बदलता येणार नाही.

ध्वनिवेध:
वाद्ये कोणती, वाजवणारे किती, धुना किती, स्टुडिओचे दिवस किती, यांपैकी काहीच लिहिलेले नाही. तरीही माझे मत स्वतंत्र मुद्रणाच्या बाजूने आहे. वीस वर्षे पुण्यात हेच काम करतो आहे. एका माइकमध्ये दुसऱ्याचे वाद्य उतरले की एकाची चूक सगळ्यांची होते आणि नंतर ती काढता येत नाही.

सई_एनिस:
क्षमस्व, घाईत राहून गेले. मी फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवते. सोबत कॉन्सर्टिना (दोन्ही हातांत धरून भाता दाबत वाजवायची छोटी पेटी) आणि डीएडीजीएडी मिळवणीची, म्हणजे सहा तारा त्या सुरांत लावलेली, गिटार आहे. एकूण १९ धुना ८ ट्रॅकमध्ये बांधल्या आहेत. त्यांत बहुतेक रील आणि जिग या नाचाच्या धुना, स्लिप जिग या जिगच्या प्रकाराचा एक सेट (सलग वाजवायच्या धुनांची माळ) आणि शेवटी एक संथ एअर (नाचासाठी नसलेली धून) आहे. स्टुडिओ तीन दिवसांसाठी मिळतो आहे.

डब्लिनकर:
मग एकत्रच वाजवा. या संगीतात धुनेचे आठ-आठ मात्राखंडांचे (बारचे) दोन भाग असतात, प्रत्येक भाग दोनदा घेतला की बत्तीस मात्राखंडांचा एक फेरा होतो, आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर न थांबता पुढच्या धुनेत शिरायचे असते. त्या वळणावर तिघेही एकमेकांच्या धनुकलीकडे आणि भात्याकडे पाहून जो जोर लावतात, तो क्लिक ऐकणाऱ्या एकट्या माणसाकडून येत नाही. तुमच्या एनिसच्या, म्हणजे आयर्लंडमधल्या क्लेअर परगण्याच्या, वादनात तर संथ चालीतली ही उसळीच सगळे काही आहे. फिडलसमोर आठच्या आकाराचे ग्रहणक्षेत्र असलेला रिबन माइक ठेवा. त्याच्या दोन्ही बाजू जवळजवळ बहिऱ्या असतात, म्हणून गिटार नेमकी त्या बाजूला बसवली की तिचा आवाज पुष्कळ कमी उतरतो.

ध्वनिवेध:
माइकचे म्हणणे मान्य आहे, पण कॉन्सर्टिनाचा आवाज दोन्ही टोकांतून बाहेर पडतो. तिला एका बाजूला बसवून काही साधणार नाही. शिवाय पंधराव्या मात्राखंडात फिडलचा सूर घसरला तर काय करणार?

डब्लिनकर:
तोच सेट लागोपाठ तीनदा वाजवायचा आणि चुकलेल्या भागाऐवजी दुसऱ्या वेळचा भाग घेऊन, भाग सुरू होतो तिथे सांधा द्यायचा. तिघे एकाच बैठकीत, आपापली जागा न बदलता, एकाच गतीत वाजवत असतील तर क्लिक नसतानाही सांधे जुळतात. मी दोन अल्बमवर असे काम केले आहे.

पंचम:
या संगीतातला डोरियन मोड म्हणजे आपला काफी थाट आणि मिक्सोलिडियन म्हणजे खमाज. सईताईंनी एखाद्या धुनेला तबला लावून दोन्ही परंपरा जोडाव्यात असे मला मनापासून वाटते.

सई_एनिस:
पंचम, काफीची तालीम लहानपणी झाल्यामुळेच ई डोरियनमधल्या धुना मला आधी सुचल्या, हे खरे आहे. परंतु हा अल्बम मी एनिसमध्ये ज्यांच्याकडून शिकले त्यांच्या भाषेतला आहे आणि त्यात तबला मी आणणार नाही.

गोदाकाठ:
मूळ प्रश्न मुद्रणाचा असला तरी मला काळजी वेगळीच वाटते. धुना तुमच्याच आहेत याची खात्री कशी केली? शेकडो धुना ऐकलेल्या माणसाच्या हातून जुन्या धुनेचा अर्धा भाग नकळत बाहेर येतो. डब्लिनच्या मेरियन स्क्वेअरवरच्या आयरिश ट्रॅडिशनल म्युझिक आर्काइव्हमध्ये शोधता येईल, पण त्याआधी गावातल्या सेशनमध्ये (वादक जमून एकत्र वाजवतात त्या बैठकीत) प्रत्येक धून नाव न सांगता वाजवा. धून दुसऱ्या हयात रचनाकाराची निघाली तर सीडीसाठी एमसीपीएस आयर्लंड या, रचना मुद्रित करण्याचे हक्क सांभाळणाऱ्या, संस्थेचा परवाना लागेल. पारंपरिक निघाली तर तुम्हाला फक्त मांडणीवर (अरेंजमेंटवर) हक्क सांगता येईल. इम्रो या आयर्लंडमधल्या संगीतकारांच्या हक्कांच्या संस्थेकडे नोंद करण्याआधी गिटारवादकाशीही लेखी ठरवून घ्या. तो केवळ साथ करतो आहे की रचनेत त्याचा वाटा आहे?

सई_एनिस:
रचनेत नाही, पण तीन सेटची मांडणी त्याची आहे. ते आजच लिहून घेते. नोंदीसाठी शीर्षके लागतील आणि माझ्या निम्म्या धुनांना नावच नाही.

गोदाकाठ:
आयर्लंडमधल्या पूर्व गॉलवेचे फिडलवादक पॅडी फेही यांनी आपल्या धुनांना नावेच दिली नाहीत, म्हणून आजही त्या सगळ्या 'पॅडी फेहीज' म्हणूनच वाजतात आणि नेमकी कोणती वाजवायची हे आधी गुणगुणून दाखवावे लागते. धुना फिराव्यात असे वाटत असेल तर प्रत्येकीला वेगळे नाव द्या.

सई_एनिस:
काल रात्री सेशनमध्ये नऊ धुना वाजवल्या. आठ धुनांना लोकांनी दुसऱ्या फेऱ्यापासून साथ धरली आणि कोणीही ओळखल्या नाहीत. नववीचा दुसरा भाग सुरू होताच शेजारच्या वृद्ध कॉन्सर्टिनावादकांनी तो माझ्याआधीच पूर्ण केला आणि आपल्या आईकडून ऐकलेला पोल्का (वेगळ्या तालाची नाचाची धून) जिगमध्ये आला आहे असे मायेने सांगितले. तो भाग मी काढून टाकते आहे. उरलेल्या दहा धुना पुढच्या बुधवारी वाजवणार आहे. स्टुडिओला मात्र आजच कळवले की तिघे एका खोलीत बसणार, क्लिक नको, आणि रिबन माइक हवा. त्यांनी होकार दिला आहे. फक्त तीनऐवजी चार दिवस घ्या म्हणतात.