दोनशे रुपयांच्या पिकअपचं कौतुक पुरे

चारतारा: काल इथे एकाने ठोकून दिलं, "युकुलेलेला दोनशेचा चिकटवायचा पिएझो लावा, बाकी सगळी चैन." राहवलं नाही म्हणून लिहितोय. नायलॉनच्या तारांना गिटारचा चुंबकीय पिकअप (तारांचा आवाज विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) चालत नाही, लाकडाची थरथर पकडणारा पिएझोच हवा, इथवर मान्य. पण पिएझो ज्यात जोडाल त्याच्या इनपुटचा विद्युत अडथळा किमान १ मेगाओहम, म्हणजे १००० किलोओहम, लागतो. मिक्सरच्या लाइन-इनला असतात साधारण १० किलोओहम. खर्ज तिथेच गळतो आणि पत्र्याचा डबा वाजतो. मधे लागणारा प्रीअँप किंवा अ‍ॅक्टिव्ह डीआय (पिएझोचा सिग्नल मिक्सरजोगा करणारी डबी) धरून खर्च सांगा की!

सोल्डरबाबा: ती पोस्ट माझी. २७ मिमीची पिएझो चकती ब्रिजखाली (तारा बांधतात त्या पट्टीखाली) आतून चिकटवलीये, पुढे घरी जोडलेला एफईटी बफर, म्हणजे प्रीअँपचंच काम करणारं छोटं सर्किट. मस्त वाजतं. ज्ञान कमी पाजळा.

चारतारा: मग बफर पोस्टमध्ये का लपवला? प्रत्येकाच्या घरी सोल्डरगन असते का?

मंद्रा: चकतीवर हात घासला तरी खरखर ऐकू येते. म्हणून मी अंडरसॅडल, म्हणजे तारा टेकतात त्या सॅडल-पट्टीखालचा पिएझो, बसवून घेतला. दुकानदाराने सॅडलचा तळ वाकडा घासला, तेव्हापासून ए तारेचा आवाज गायब. त्यात आमच्या गणपतीतला साउंडवाला! "मॅडम, बेस वाढवलाय," म्हणाला आणि हॉलभर हूऽऽ.

फेडरमामा: साउंडवाला बोलतोय. कलाकार येणार पाच मिनिटं आधी, प्रीअँपची बॅटरी मेलेली, केबल आमच्याकडे मागणार, वर स्वतःच मॉनिटरला (कलाकारासमोरच्या स्पीकरला) चिकटून उभे राहणार. साउंडचेकला बोलावलं की "चहा घेऊन येतो". स्पीकरमधून शिट्टी वाजली की आम्ही गाढव!

मंद्रा: मी अर्धा तास आधी आले होते, मामा. तुमचा माणूस वडापाव खायला गेला होता.

फेडरमामा: माणसाने खायचं नाही का?

चारतारा: अहो, विषय पिकअपचा आहे!

फेडरमामा: मग ऐका. एकट्याने गाणार असाल तर साधा डायनॅमिक माइक बाराव्या फ्रेटसमोर धरा, पिकअपच नको. ढोलकी बाजूला असेल तरच पिएझो, आणि तोही डीआयमधून.

सोल्डरबाबा: बरं, पोस्ट बदलतो: "दोनशेचा पिकअप, वर बफर, वर चारतारांची लेखी परवानगी." झालं समाधान?

चारतारा: बफर लिहिलात, तेवढं पुरे.

मंद्रा: भांडण झालं असेल तर माझ्या ए तारेचं बघा कुणीतरी.

सोल्डरबाबा: सॅडल काढा, काचेवर सँडपेपर ठेवून तळ सपाट घासा. खाचेत भुसा असेल तर तोही काढा. दुकानात परत नेऊ नका.