विषय: लेकीचं कॉलेज, 1 मे जवळ आलाय

नमस्कार मंडळी,

लेकीला बॉस्टनच्या एका नावाजलेल्या खासगी विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश मिळालाय, आणि इथे न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठात, रटगर्सलाही. बॉस्टनचा खर्च वर्षाला 92,000 डॉलर, मदत शून्य. रटगर्सचा राहण्याजेवणासकट 38,000. चार वर्षांत 2,16,000 चा फरक. बॉस्टनचं पत्र तिनं फ्रिजवर लावलंय, रटगर्सचं अजून पाकिटातच आहे. हे म्हणतात, "पोरीनं रात्री जागवल्या, आता आपणच मागे सरायचं?" 1 मेपर्यंत कॉलेजला कळवायचंय, मला झोप नाही. ज्यांची मुलं यातून गेली त्यांनी मोकळेपणानं सांगा.

एडिसनची एक आई

---

उत्तर: लेकीचं कॉलेज, 1 मे जवळ आलाय

ताई, आधी लेकीचं मनापासून कौतुक.

आम्ही नऊ वर्षांपूर्वी नावासाठी घरावर कर्ज काढलं. मुलाचं उत्तम चाललंय. पण ऑफिसात त्याच्या शेजारी बसणारा मुलगा स्टेट कॉलेजातला, पगार तोच. आम्ही अजून हप्ते भरतोय. पुण्याला आई 88 वर्षांची आहे, आणि तिकीट काढण्याआधी मी हप्त्याची तारीख बघतो. हे मला फार लागतं.

डेल आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी 2002 मध्ये सारख्याच कॉलेजांचे होकार-नकार मिळालेल्या मुलांची तुलना केली. जास्त नावाजलेल्या कॉलेजात गेलेल्यांची मिळकत सरासरी फारशी वेगळी निघाली नाही. गरीब घरच्या मुलांना मात्र फायदा झाला. 2023 मध्ये अर्थतज्ज्ञ चेट्टी आणि सहकाऱ्यांना दिसलं की आयव्ही लीगची आठ जुनी नामांकित कॉलेजं आणि तशीच आणखी चार, अशा बारा कॉलेजांमुळे मिळकतीत अगदी वरच्या 1 टक्क्यात पोचायची शक्यता वाढते. सरासरी मिळकत तिथेही फार हलत नाही. बॉस्टन शहरातलं एकही त्या बारांत नाही. शिवाय त्या बारांतल्या, शेजारच्या केंब्रिजमधल्या हार्वर्डमध्ये आता 2,00,000 डॉलरपर्यंत उत्पन्नाच्या घरांना ट्यूशन माफ आहे. म्हणजे मोठं नाव दरवेळी महाग पडतंच असं नाही. कर्ज काढून घेतलेलं पडतं.

त्यात 1 जुलै 2026 पासून नव्या पालकांना पेरेंट प्लस, म्हणजे मुलांच्या कॉलेजसाठी पालकांना मिळणारं सरकारी कर्ज, एका मुलामागे वर्षाला 20,000, एकूण 65,000 एवढंच. तुमच्या फरकातले दीड लाख खासगी कर्जातून उभे करणार का? माझं मत विचाराल तर नको.

तरी बॉस्टनच्या कॉलेजच्या फायनान्शियल एड, म्हणजे आर्थिक मदतीच्या ऑफिसला आजच अपील करा. घरात आजारपणाचा खर्च असेल, नोकरी गेली असेल, तर कागद जोडा. आकडा खरंच उतरला तर पुन्हा बोलू.

रविवारी मुलगा घरी आहे. लेकीला घेऊन या. तिला काय विचारायचं ते त्यालाच विचारू दे, आम्ही दोघं बाहेर बसू.

पिस्कॅटवेचे काका