समोरा माशेल आणि 'घरं लुटणारा अनाडी नर्स': त्या लेखाला उत्तर

डोंगरवाट:
स्वतंत्र मोझांबिकचा पहिला राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल, त्याच्या पुण्यतिथीला फिरलेला तो लेख बहुतेकांनी वाचला असेल. सार एवढंच की पोर्तुगीजांनी उभा केलेला मोझांबिक एका अर्धशिक्षित नर्सने अकरा वर्षांत धुळीला मिळवला, गोंयकारांची घरं लुटली, आणि तरी आपण त्याला क्रांतिकारक म्हणतो. गप्प बसणार होतो, पण 'पोर्तुगीजांनी उभा केलेला' हे शब्द वाचून राहवेना.

काय उभं केलं होतं? १९७५ साली स्वातंत्र्य मिळालं तेव्हा दहातले नऊ लोक निरक्षर होते. शिबालू म्हणजे सक्तीची मजुरी. कापूस लावायचा की नाही हे शेतकऱ्याच्या हातात नव्हतं, भावही नाही. चिलेंबेने या गावी माशेलच्या वडिलांनी कसलेली जमीन पन्नासच्या दशकात काढून घेऊन पोर्तुगीज वसाहतकऱ्यांना दिली गेली. तो स्वतः लोरेन्सु मार्किशच्या (आजचं मापुतो) मिगेल बोंबार्दा इस्पितळात नर्स होता आणि त्याच कामाचा गोऱ्या नर्सला जास्त पगार मिळत होता. असा माणूस १९६३ साली सरहद्द ओलांडून फ्रेलिमो या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या संघटनेत गेला, अल्जीरियात लढाई शिकला. १९६९ मध्ये दार-एस-सलामला पार्सल बॉम्बने फ्रेलिमोचे अध्यक्ष मोंडलाने यांचा खून झाला, आणि पुढच्या वर्षी संघटनेची धुरा याच्याकडे आली.

आता गोव्याचा मुद्दा. १९६१ नंतर तब्बल तेरा वर्षं लिस्बन गोवा आपलाच म्हणत होतं. ३१ डिसेंबर १९७४ ला त्यांनी भारताचं सार्वभौमत्व लेखी मान्य केलं, कारण त्या एप्रिलमध्ये त्यांच्याच सैन्यातल्या कप्तानांनी राजवट उलथवली. हे कप्तान कशाने कंटाळले होते? अंगोला, गिनी आणि मोझांबिकमधल्या न संपणाऱ्या युद्धांनी. त्या लढणाऱ्यांत माशेलची माणसं होती. गोव्यात बसून त्याला लुटारू म्हणण्याआधी एवढं तरी आठवावं.

तिसवाडीकर:
इतिहास छान सांगितलात. आता आमचा ऐका. माझे आजोबा मोझांबिकमधल्या बैराच्या रेल्वेत कारकून होते. आयुष्यभर काटकसर करून दोन घरं बांधली, एकात राहायचे, दुसरं भाड्याने. ३ फेब्रुवारी १९७६ ला भाड्याचं घर सरकारचं झालं. नोटीस नाही, मोबदला नाही. आजीच्या कपाटात भाडेपावत्यांची वही अजून आहे, जानेवारीपर्यंतची पानं फाडलेली, पुढची सगळी कोरी. कारकुनाच्या घामाचं घर घ्यायला ते काय पोर्तुगालच्या हुकूमशहा सालाझारचं होतं?

डोंगरवाट:
त्याच आदेशात राहतं घर मालकाकडे ठेवायची मुभा होती, हेही सांगा. आणि भाड्याची घरं का घेतली तेही. शहरात एक सिमेंटचा भाग होता, तिथे गोरे, त्यांच्याखालोखाल आपले लोक. बाहेर बोरूच्या झोपड्या, ना पाणी ना गटार, आणि शहर चालवणारे हात तिथे राहत होते. दोन-अडीच लाख पोर्तुगीजांपैकी बहुतेक देश सोडून निघून गेले होते, त्यांची घरं रिकामी पडली होती. झोपडीतल्यांना तिथे आणलं, त्यात चुकलं काय?

तिसवाडीकर:
मुभा होती म्हणे! अहो, माणसांना २४ तास आणि २० किलो सामान एवढीच सवलत देऊन हाकलत होते, ते घरात राहायला उरले कुठे? आजोबा ट्रंक घेऊन म्हापशाला परतले, पुढे कुठल्या कचेरीत कोणी उभं केलं नाही. तुमचं काय जातंय, तुमच्या घरातलं काही गेलं नाही.

डोंगरवाट:
घरातलं गेलं नाही म्हणून बोलू नये हा कुठला न्याय? आता मीच विचारतो. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात उतरलं तेव्हा पोर्तुगीजांनी मोझांबिकमधल्या भारतीय नागरिकांना छावण्यांत डांबलं, दुकानं आणि मालमत्ता जप्त केल्या. गुजराती व्यापारी देशोधडीला लागले. त्यांच्या जप्तीबद्दल तुम्ही कधी चार ओळी लिहिल्यात? पोर्तुगीज नागरिकत्व असलेल्या रेल्वे कारकुनाला तेव्हा कोणी हात लावला नाही.

तिसवाडीकर:
आजोबांवर घसरू नका. ते कोणाच्या अध्यातमध्यात नव्हते.

आबोली:
घराच्या भांडणात मूळ गोष्टच राहून गेली. मला घरांपेक्षा माणसांचं बोलायचंय. १९८३ चं 'ऑपरेशन प्रोडक्शन' विसरलात का? ओळखपत्र किंवा कामाचा कागद जवळ नाही म्हणून लोकांना रस्त्यावरून उचलून दूर उत्तरेला निआसा प्रांतात नेऊन सोडलं. एकट्या राहणाऱ्या बायकांना वेश्या ठरवून ट्रकमध्ये बसवलं. त्याच वर्षी फटक्यांची शिक्षा कायद्यात आणली. फटके तर पोर्तुगीज द्यायचे, त्याविरुद्धच ना लढला होता हा माणूस? आणि उरिया सिमांगो, जोआना सिमियांव या राजकीय विरोधकांना कुठलं न्यायालय मिळालं? पुनर्शिक्षण छावणीत ठेवलं, खटल्याशिवाय मारलं, नातेवाइकांना वर्षानुवर्षं कळवलंसुद्धा नाही. माझ्या मामांना आणीबाणीत पहाटे घरातून नेलं होतं. ते परत आले, तरी आजी दारावरची थाप ऐकली की उठून बसायची. ज्यांची माणसं परत आलीच नाहीत त्यांच्याकडून माशेलचा गौरव करायला सांगू नका.

डोंगरवाट:
आबोलीताई, सिमांगोंच्या बाबतीत माझ्याकडे उत्तर नाही. निआसाचंही समर्थन करणार नाही. पण ८३ साली देश कशात अडकला होता तेही बघा. ऱ्होडेशियाच्या (आजचा झिंबाब्वे, तेव्हा गोऱ्यांची राजवट) गुप्तहेर खात्याने रेनामो ही सशस्त्र बंडखोर संघटना उभी केली, १९८० नंतर ती दक्षिण आफ्रिकेने चालवायला घेतली. शाळा जाळल्या, आरोग्यकेंद्रं जाळली, वर दुष्काळ.

आबोली:
बाहेर शत्रू आहे म्हणून घरातल्यांना ट्रकमध्ये भरायचं? हे कारण प्रत्येक हुकूमशहा देतो.

जुना खलाशी:
त्या काळात मालवाहू जहाजावर होतो, मापुतोला लागलोय. बंदरात क्रेन उभ्या, माल नाही. हमालाला पैसे द्यायला गेलो तर त्याने मान हलवली आणि अंगठा बोटांवर घासून साबण मागितला. दुकानात घ्यायलाच काही नव्हतं, पैशाचं करणार काय? हे बघितलंय म्हणून सांगतो, त्याचं अर्थकारण फसलं. सरकारी शेतं तर पार बुडाली, ८३ च्या पक्ष अधिवेशनात त्यांनाही कबूल करावं लागलं. पण अर्धीच बाजू सांगणार नाही. मार्च ७६ मध्ये त्याने ऱ्होडेशियाची सीमा बंद केली तेव्हा बंदराचं आणि रेल्वेचं उत्पन्न जाणार हे माहीत होतं. तरी केली. झिंबाब्वे मोकळा होण्यात त्या निर्णयाचा मोठा वाटा आहे. आणि स्वातंत्र्यानंतरच्या लसीकरण मोहिमेत देशातल्या दहातल्या नऊ लोकांपर्यंत लस पोचवली. नर्स होता म्हणून हिणवता ना, मग हे काम कोणाला सुचणार होतं?

तिसवाडीकर:
लसीकरण मान्य. पण गोरे, गोंयकार, सगळे कसबी लोक घालवले म्हणूनच क्रेन उभ्या राहिल्या, हे तुमच्याच हमालाच्या साबणावरून दिसतंय. १९८० मध्ये झिंबाब्वेच्या मुगाबेला 'गोऱ्यांना जाऊ देऊ नकोस' असा सल्ला कोणी दिला? माशेलनेच. म्हणजे त्यालाही कळलं होतं. मग आमच्या आजोबांना एक पत्र तरी?

डोंगरवाट:
सल्ला त्याने दिला, आणि तो शहाणपणाचाच होता. पण 'सगळे गोंयकार घालवले' हे साफ खोटं. ऑस्कार मोंतेरू मूळचे गोंयकार, त्याच्या सरकारात मंत्री. आक्विनो द ब्रागान्सा जन्माने बार्देशचे, माशेलचे सर्वात विश्वासू सल्लागार. १९८२ मध्ये मापुतोच्या विद्यापीठात पार्सल बॉम्ब फुटला, दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषविरोधी कार्यकर्त्या रूथ फर्स्ट जागीच गेल्या, आक्विनो जखमी झाले. तरी तिथेच राहिले. १९ ऑक्टोबर १९८६ ला दक्षिण आफ्रिकेतल्या म्बुझिनीच्या डोंगरावर विमान आदळलं तेव्हा माशेलसोबत तीसहून जास्त जण मेले, त्यांत हेही होते. दक्षिण आफ्रिकेच्या आयोगाने वैमानिकांवर ठपका ठेवला, सोव्हिएत बाजूने खोट्या बीकनचा, म्हणजे विमानाला वाट चुकवणाऱ्या रेडिओ संकेताचा, संशय घेतला, पुढे सत्यशोधन आयोगालाही निर्णय देता आला नाही. आपला माणूस त्या विमानात मेला आणि आपल्याला त्याचं नाव माहीत नाही, भाड्याच्या घराचा हिशेब मात्र पाठ आहे. चीड येते ती याची.

तिसवाडीकर:
आक्विनोंबद्दल वाद नाही, त्यांच्या नावाचा रस्ता गोव्यात हवा, मी सही करीन. पण हिशेब सोडणार नाही. ६१ मध्ये पोर्तुगालने जप्त केलेलं आणि ७६ मध्ये माशेलने घेतलेलं, दोन्ही एकाच कागदावर मांडा. नुसतं पहिलं मांडलंत तर मी पुन्हा लिहीन.

आबोली:
आणि त्या कागदावर निआसाला नेलेल्या बायकाही लिहा.