अनुभव धागा : मोरोक्कोचा किनारा आणि अमाझिग मुलूख

मोरोक्कोला जाणारे आपल्याकडचे बहुतेक प्रवासी कासाब्लांका, फेस, मर्झूगाचे वाळवंट आणि मराकेश अशी ठरलेली फेरी करून परततात. या फेरीत पाहण्यासारखे पुष्कळ आहे. मात्र अटलांटिकच्या काठाने दक्षिणेकडे उतरत जाणारा प्रदेश, त्यामागचे अँटी-ॲटलासचे डोंगर आणि उत्तरेला भूमध्य समुद्राकाठचा रीफ तिच्यात क्वचितच येतात. ज्यांना आपण बर्बर म्हणत आलो आणि जे स्वतःला अमाझिग म्हणवतात, त्यांची भाषा याच भागांत आजही घरोघरी आणि बाजारात बोलली जाते. २०११ च्या राज्यघटनेने तिला अरबीबरोबर अधिकृत भाषेचे स्थान दिले, आणि २०२४ पासून जानेवारीतल्या अमाझिग नववर्षाला सार्वजनिक सुट्टी मिळू लागली. किनारा आणि त्यामागचा मुलूख हे दोन्ही ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती केली होती. आलेले अनुभव पुढे देत आहे.

रत्नागिरीहून : एसाविरा आणि आर्गनचे रान

एसाविराला मी मुख्यतः बंदर पाहण्यासाठी गेले. अठराव्या शतकात सुलतान मोहम्मद बिन अब्दल्ला यांनी आखून वसवलेले हे शहर, त्याची तटबंदी आणि समुद्राकडे तोंड करून ठेवलेल्या तोफा यांचे वर्णन बहुतेक मार्गदर्शिकांत सापडते, म्हणून ते येथे टाळते. मला तिथली सकाळ सांगावीशी वाटते. निळ्या रंगाच्या लहान लाकडी होड्या धक्क्याला लागल्या की तारलीचे ढीग उतरवले जातात आणि मासे पूर्ण उतरण्याआधीच लिलाव सुरू होतो. शेजारीच जाळी दुरुस्त करणारे वयस्कर कोळी जमिनीवर बसून, जाळ्याचे एक टोक पायाच्या अंगठ्यात ताणून धरून, सुईने गाठी मारत असतात. आपापसात ते ताशेलहित या अमाझिग बोलीत बोलत होते आणि गिऱ्हाईक आले की अरबीत उत्तर देत होते. वारा मात्र इतका जोराचा असतो, विशेषतः एप्रिल ते सप्टेंबर या काळात, की समुद्रात डुंबण्याच्या हेतूने जाणाऱ्यांची निराशा होईल.

एसाविराहून अगादीरकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आर्गनची काटेरी झाडे दिसू लागतात. हे झाड नैसर्गिकरीत्या मुख्यतः मोरोक्कोच्या या नैर्ऋत्य भागातच वाढते, आणि १९९८ मध्ये युनेस्कोने या रानाला जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून मान्यता दिली. वाटेतल्या एका महिला सहकारी संस्थेत मी बराच वेळ बसून काम पाहिले. तेथील बाई एका सपाट दगडावर आठळी उभी धरते, दुसऱ्या गोल दगडाने नेमका एक घाव घालते आणि कवच उकलताच आतले बी बोटाच्या टोकाने टोपलीत ढकलते. कवच अतिशय कठीण असल्यामुळे घाव जरासा चुकला तर बोट सापडते. बिया भाजून हाताच्या जात्यावर दळल्या की दाट पीठ तयार होते. मग थोडे कोमट पाणी घालून ते मळत राहिले की त्यातून तेल सुटू लागते. एक लिटर तेलासाठी सुमारे ३० किलो फळे लागतात, असे सांगितले जाते. रबातच्या विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ झुबिदा शर्रूफ यांनी १९९० च्या दशकात अशा सहकारी संस्थांचा पाया घातला, आणि स्वतःच्या हाताची मजुरी स्वतःच्या हातात पडण्याची सोय अनेक ग्रामीण स्त्रियांना प्रथमच मिळाली. रस्त्याकडेला झाडांवर चढवलेल्या शेळ्या दाखवून फोटोचे पैसे मागणारे लोक भेटतात. त्या शेळ्या बहुधा तासन्‌तास उन्हात बांधून ठेवलेल्या असतात, तेव्हा कृपया तेथे गाडी थांबवू नका आणि तेच पैसे सहकारी संस्थेत खर्च करा.

ठाण्याहून : अल जदिदा

खतनिर्मितीच्या व्यवसायामुळे माझे जॉर्फ लास्फर बंदरावर जाणे होत असे. मोरोक्कोतल्या फॉस्फेटपासून तयार झालेला माल येथूनच भारताकडे रवाना होतो. जवळच्या अल जदिदा शहरात पोर्तुगीजांचा मझागान हा किल्ला आहे. त्याच्या पोटात, जमिनीखाली, पावसाचे पाणी साठवण्याची एक दालनवजा टाकी आहे. छताच्या मध्यावरील गोल झरोक्यातून येणारा उजेड खाली साचलेल्या पाण्याच्या पातळ थरावर पडतो आणि दगडी कमानींचे प्रतिबिंब त्यात उमटते. चौल आणि कोरलई ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या तटाची बांधणी ओळखीची वाटेल, कारण सोळाव्या शतकात एकच सत्ता या दोन्ही किनाऱ्यांवर पाय रोवत होती. पोर्तुगीजांनी चौल १७४० मध्ये सोडले आणि मझागान १७६९ मध्ये.

पुण्याहून : तिझनित, ताफ्राऊत आणि धान्यकोठारे

अगादीर शहर २९ फेब्रुवारी १९६० च्या रात्री भूकंपाने उद्ध्वस्त झाले आणि नंतर जवळच नव्याने बांधले गेले, म्हणून तेथे जुने असे फारसे काही उरलेले नाही. आम्ही तेथून लवकर निघालो आणि तिझनितमार्गे डोंगरात शिरलो. तिझनितच्या चांदीच्या बाजारात खांद्यावर वस्त्र अडकवण्याचे त्रिकोणी आकडे पाहायला मिळतात. जुन्या आकड्यांवरची मीनाकारी पाहण्यासाठी सोनाराकडे शांतपणे बसायला हवे, आणि घेण्याचा आग्रह न करता दाखवणारे सोनार तेथे भेटतात.

ताफ्राऊतच्या परिसरात गुलाबी ग्रॅनाइटच्या कड्यांखाली वसलेली गावे आहेत, आणि फेब्रुवारीत तेथे बदाम फुलतो. कित्येक घरे मोठी, नवी, रंगवलेली, पण बंद होती. चौकशी केल्यावर समजले की घरातले पुरुष कासाब्लांकासारख्या शहरांत किराण्याची दुकाने चालवतात आणि ईदला किंवा उन्हाळ्यात गावी येतात. कोकणातल्या चाकरमान्यांची बंद घरे पाहत मोठे झालेल्या माझ्या पतींना हे समजावून सांगण्याची गरज पडली नाही.

या भागातले सर्वांत मोलाचे म्हणजे गावाची सामाईक कोठारे. दगड-मातीच्या भक्कम तटाच्या आत अरुंद बोळाच्या दोन्ही अंगांना, एकावर एक, छोट्या खोल्यांच्या रांगा असतात. वरच्या खोलीत जाण्यासाठी भिंतीतून बाहेर काढलेल्या सपाट दगडांवर पाय ठेवत चढावे लागते. प्रत्येक कुटुंबाची खोली वेगळी असे आणि तीत जव, बदाम, तेल, दागिने व जमिनीची कागदपत्रे ठेवली जात. आम्ही पाहिलेल्या कोठाराचा राखणदार वयाने बराच मोठा होता. त्याने झग्यातून हातभर लांबीची लाकडी किल्ली काढली, दाराच्या कुलपात ती खालून वर उचलली आणि आतल्या खुंट्या सुटल्याचा आवाज आल्यावरच अडसर सरकवला. कोणी काय ठेवावे, चोरी झाल्यास दंड किती, राखणदाराला धान्य किती द्यावे, याचे नियम गावाने ठरवून पूर्वी लाकडी फळ्यांवरही लिहून ठेवले जात. दुष्काळ आणि टोळ्यांचे हल्ले सोसणाऱ्या डोंगराळ समाजाने परस्परांच्या विश्वासावर उभी केलेली ही व्यवस्था पाहून माझ्या मनात त्या लोकांविषयी फार आदर निर्माण झाला. आज यांतली अनेक कोठारे ढासळत आहेत. राखणदाराला आपणहून योग्य मोबदला द्यावा, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

शाळा, पंचायत, दवाखाना यांच्या पाट्यांवर अरबीसोबत तिफिनाघ ही अमाझिग लिपी दिसते. २००३ पासून ती शाळांत शिकवली जाऊ लागली. “अझूल” म्हणून अभिवादन केले की बोलणारा माणूस जरा थांबतो आणि मग त्याच्याच भाषेत भरभरून बोलू लागतो. ते सगळे समजत नाही, पण चहा मात्र हमखास येतो.

उट्रेख्टहून : रीफ

नेदरलँड्समधील माझ्या शेजाऱ्यांचे मूळ गाव रीफमध्ये आहे, आणि त्यांच्याच आमंत्रणावरून मी अल होसेमाला गेलो. येथली तारिफित बोली दक्षिणेतल्या ताशेलहितपेक्षा बरीच वेगळी आहे. स्फिहाच्या किनाऱ्यावरून अगदी समोर दिसणाऱ्या खडकावर आजही स्पेनचा ताबा आहे. त्याच परिसरातल्या अजदीर गावातून अब्देलक्रीम यांनी स्पॅनिश फौजांविरुद्धचा लढा चालवला, आणि जुलै १९२१ मध्ये अन्वाल येथे त्या फौजांचा मोठा पराभव केला. शेजाऱ्यांच्या काकांनी हा इतिहास जेवताना सांगितला तेव्हा घरातली लहान मुलेही ताटावरून उठली नाहीत.

छत्रपती संभाजीनगरहून : टँजियर

दौलताबादच्या जवळ वाढलेल्या माणसाला इब्न बतूताचे जन्मगाव पाहण्याची इच्छा असणे स्वाभाविक आहे. १३०४ मध्ये टँजियरला जन्मलेला हा प्रवासी लवाता या अमाझिग जमातीचा होता. दौलताबादच्या द्राक्षांचे आणि डाळिंबांचे वर्णन त्याने केले आहे. जुन्या शहराच्या चढत्या गल्लीत त्याची म्हणून दाखवली जाणारी कबर अगदी लहानशा खोलीत आहे आणि ती बहुधा बंद असते. शेजारच्या दुकानदाराकडे विचारल्यास किल्ली असलेल्या माणसाला बोलावतात. तेथून स्पार्टेलच्या भूशिरापर्यंत टॅक्सीने जाता येते, आणि अटलांटिक व भूमध्य यांचे पाणी जेथे मिळते तो टापू दिसतो.

नाशिकहून : शाकाहाऱ्यांसाठी थोडेसे

आम्ही दोघे पूर्ण शाकाहारी आहोत आणि आमची उपासमार झाली नाही. सकाळी वाळवलेल्या बाकल्याच्या डाळीचे बिस्सारा नावाचे दाट सूप, वरून ऑलिव्ह तेल व जिरेपूड घालून मिळते. भाजलेले बदाम, आर्गन तेल आणि मध यांचे अमलू आणि रव्याचे जाळीदार बघरीर हा दक्षिणेतला नाश्ता तर आम्हाला अतिशय आवडला. शुक्रवारी घरोघरी कुसकुस शिजतो. त्यावरच्या भाज्या बहुधा मांसाच्याच रस्स्यात शिजवलेल्या असतात, म्हणून “मांस काढून द्या” एवढे सांगणे पुरेसे नाही. मुक्कामाच्या घरी गुरुवारी संध्याकाळीच वेगळ्या पाण्यात भाज्या शिजवण्याची विनंती करावी, आणि आम्ही उतरलो त्या प्रत्येक घरात ती आनंदाने मान्य झाली.