लेथवर हात बसवायला लाकूड कुठलं घेऊ?

कुडाळवाला: मंडळी, छोटा लेथ (लाकूड फिरवून कातायचं यंत्र) घेतलाय. वखारीत विचारलं तर सागच दाखवतात, पण सरावात सागाचा भुसा करायला जीव होत नाही. घरी आंब्याच्या जाड फांद्या, सुरूच्या झाडाचं लाकूड नि थोडा फणस पडलाय, कशापासून सुरुवात करू?

बांद्याचा सुतार: आंबाच घे रे, आणि ओला असतानाच. ओल्या लाकडाची लांब लांब सालपटं निघतात, धूळ कमी उडते नि हत्याराचा कोन चुकला की हाताला लगेच कळतं. वाडगा करणार असशील तर ओंडका गाभ्यावर उभा चिरून घे, गाभा आत राहिला की वाळताना हमखास तडकतो. उरलेले तुकडे तडकू नयेत म्हणून त्यांच्या दोन्ही टोकांना जुना ऑइलपेंट फास. पावसाळ्यात आंब्याला बुरशी नि भुंगा पटकन लागतो म्हणून साठवत बसू नको. सुरू कठीण, तो नंतर.

चितारआळी_प्रेमी: पांगारा मिळाला तर नक्की बघा दादा! सावंतवाडीची लाकडी फळं त्याचीच करत आलेत, हलकं लाकूड, रंग छान बसतो. पण मऊ असल्याने धार जराशी बोथट झाली की तंतू उपटतात, धार लावायची सवय आपोआप लागते.

वेंगुर्ल्याची_ताई: फणस पण छान कातला जातो, पिवळाधम्मक रंग बघून हुरूप येतो. काजूची ओली फांदी मात्र लावू नका, सालीचा चीक अंगावर उठतो. मास्क लावाच हां.

कुडाळवाला: मस्त, उद्याच आंबा चिरून घेतो. ताई, फणस पण ओलाच कातायचा का?