ग्रीक संसदेचे शब्द इंग्रजीत आणताना: अधिकृत शब्द ठेवावा की ओळखीचा?

प्रश्न: भाषांतरकर्ती

नमस्कार. वुलीच्या, म्हणजे ग्रीसच्या 300 सदस्यांच्या एकसदनी संसदेच्या, कामकाजाचे इतिवृत्त मी सध्या इंग्रजीत आणत आहे. वाचक मुख्यतः ब्रिटिश असल्यामुळे मी वेस्टमिन्स्टरचे शब्द सरसकट वापरले आणि तपासणीत त्यांतील बहुतेक परत आले. ‘नोमोस्खेदिओ’ आणि ‘प्रोतासी नोमू’ या दोहोंना मी ‘बिल’ म्हटले होते, ‘सिनोदोस’ आणि ‘सिनेद्रीआसी’ या दोहोंना ‘सेशन’, तर ‘प्राक्सी नोमोथेतिकू पेरिएखोमेनू’ला ‘लेजिस्लेटिव्ह ॲक्ट’. अधिकृत इंग्रजी शब्द बोजड वाटला तरी तोच ठेवावा, की वाचकाला सवयीचा असलेला घ्यावा?

उत्तर: विधिमंडळ-वाचक

पहिल्या दोन जोड्यांसाठी आपल्या विधिमंडळाची मराठी आठवून पाहावी. सरकार मांडते ते नोमोस्खेदिओ आणि सदस्य मांडतात ती प्रोतासी नोमू. म्हणजे आपल्याकडचे शासकीय आणि अशासकीय विधेयक. तरीही दुसऱ्यासाठी ‘प्रायव्हेट मेंबर्स बिल’ मी टाळेन. त्या शब्दाने ब्रिटिश वाचकाच्या डोळ्यांसमोर मागच्या बाकावरचा एकटा सदस्य आणि शुक्रवारची बैठक येते, तर ग्रीसमध्ये विरोधी पक्षाचा अख्खा संसदीय गटही अशी प्रोतासी दाखल करू शकतो. ‘लॉ प्रपोजल’ कानाला रुक्ष लागते, पण दिशाभूल करत नाही. सिनोदोस हे अधिवेशन आणि सिनेद्रीआसी ही बैठक, म्हणून ‘सेशन’ आणि ‘सिटिंग’; त्यात वादाला जागा नाही.

उत्तर: कायद्याचा विद्यार्थी

खरी अडचण तिसऱ्या शब्दाची आहे. ‘प्राक्सी’ म्हणजे कृती, म्हणून ‘ॲक्ट’ हा शब्द सहज सुचतो. पण इंग्रज वाचकाच्या लेखी ॲक्ट म्हणजे संसदेने संमत केलेला कायदा, आणि ही प्राक्सी तर निघते तेव्हा संसदेपुढे आलेलीच नसते. राज्यघटनेच्या 44व्या अनुच्छेदानुसार, अत्यंत तातडीच्या आणि अनपेक्षित गरजेच्या असाधारण परिस्थितीत, मंत्रिमंडळाच्या प्रस्तावावरून राष्ट्राध्यक्ष ती जारी करतात. त्यानंतर 40 दिवसांत (अधिवेशन चालू नसल्यास ते भरल्यापासून 40 दिवसांत) ती वुलीपुढे ठेवावी लागते आणि पुढच्या तीन महिन्यांत मंजुरी न मिळाल्यास तिचा अंमल तिथून पुढे संपतो. मराठी वाचक हे वाचून ‘हा तर अध्यादेश!’ म्हणेल, आणि भारतीय वाचकांसाठी मी ‘ऑर्डिनन्स’ बेधडक लिहीनही. ब्रिटिश वाचकांसाठी मात्र राज्यघटनेच्या इंग्रजी अनुवादातला ‘ॲक्ट ऑफ लेजिस्लेटिव्ह कंटेंट’ हाच शब्द ठेवावा आणि पहिल्या उल्लेखाशी एका वाक्यात या मुदती सांगाव्यात. नुसते ‘लेजिस्लेटिव्ह ॲक्ट’ लिहिले, तर पुढे येणारी मंजुरीची चर्चा वाचकाला अनाकलनीय वाटेल: कायदा झालेलाच आहे, मग मंजुरी कशाची?

उत्तर: जुना सदस्य

‘प्रोएद्रोस’ही तपासून घ्या. वुलीचा अध्यक्ष प्रोएद्रोस आणि राष्ट्राध्यक्षही प्रोएद्रोसच. शिवाय राष्ट्राध्यक्ष अनुपस्थित असताना त्यांचे काम तात्पुरते वुलीचा अध्यक्षच पाहतो. अशा वाक्यात दोघांनाही ‘प्रेसिडेंट’ केल्यास कोण कोणाच्या जागी बसला हे कळत नाही. राज्यघटनेच्या इंग्रजी अनुवादात सभागृहाच्या अध्यक्षाला ‘स्पीकर’ म्हटले आहे. इथे वेस्टमिन्स्टरचा शब्द घ्यायला हरकत नाही, कारण तो गोंधळ वाढवण्याऐवजी कमी करतो.

आणखी एक फसवी जागा म्हणजे ‘कतारखीन’. विधेयकावर आधी तत्त्वतः, मग अनुच्छेदवार आणि शेवटी समग्र अशी चर्चा व मतदान होते. त्यातला ‘तत्त्वतः’ म्हणजे कतारखीन. ‘प्रथमतः’ या अर्थाचा ‘कतारखास’ त्याच्या इतका शेजारी आहे की घाईत ‘इन प्रिन्सिपल’ऐवजी ‘इनिशियली’ लिहिले जाते. मीही एकदा तसे लिहिले होते, आणि ते थेट छापूनच आले.

भाषांतरकर्ती

सर्वांचे आभार. कतारखीन माझ्या मसुद्यात चार ठिकाणी आला आहे आणि त्यांपैकी दोन ठिकाणी मी ‘इनिशियली’च लिहिले होते, तपासणीतही ते सुटले होते. प्राक्सीसाठी अधिकृत शब्द आणि मुदतींचे वाक्य घेते. ‘लॉ प्रपोजल’ मात्र अजून घशाखाली उतरत नाही, तरी सदस्यांच्या प्रस्तावांसाठी तूर्त तोच ठेवते.