‘कीवर्ड’ला मराठीत काय म्हणावे, आणि तो पानावर ‘घालावा’ की ‘योजावा’?

चर्चाप्रस्ताव

गेली काही वर्षे मी संकेतस्थळांवरील मजकुराचे मराठीकरण आणि संपादन करतो. गेल्या महिन्यात एका नेत्ररुग्णालयासाठी लेख लिहून देण्याचे काम एका मध्यस्थ संस्थेमार्फत माझ्याकडे आले. सोबतच्या सूचनापत्रकात असे होते की, ‘पुणे मोतीबिंदू शस्त्रक्रिया खर्च’ हा कीवर्ड, म्हणजे गुगलसारख्या शोधयंत्रात लोक लिहितील असा शब्दसमूह, लेखात आठ वेळा ‘जसाच्या तसा प्लेस करावा’, त्यांपैकी एकदा शीर्षकात, एकदा पहिल्या परिच्छेदात आणि दोनदा उपशीर्षकांत. त्याप्रमाणे मी पहिले वाक्य असे लिहिले : ‘पुणे मोतीबिंदू शस्त्रक्रिया खर्च हा अनेक कुटुंबांपुढचा प्रश्न असतो.’ माझ्या मामांनी ते वाचले आणि शब्दागणिक पैसे पडत होते त्या काळातल्या तारेसारखे हे वाटते, असे म्हणून कागद परत दिला.

मराठी माणूस हे वाक्य ‘पुण्यात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला किती खर्च येतो’ असे बोलेल. त्यात चारांपैकी तीन शब्दांचे रूप बदलते. ‘खर्च’ तेवढा शाबूत राहतो, तोही स्वतःची जागा सोडून. याचा अर्थ असा की, ‘जसाच्या तसा’ ही अट पाळली तर मराठी मोडते आणि मराठी राखली तर अट मोडते. या पेचातूनच पुढील शंका निर्माण झाल्या आहेत.

‘कीवर्ड’साठी कळशब्द, बीजशब्द, सूचकशब्द, मुख्यशब्द, शोधशब्द असे पर्याय मी वाचले आहेत. यांपैकी नेमका कोणता घ्यावा? त्याच्यासोबत क्रियापद कोणते यावे : घालणे, पेरणे, बसवणे, योजणे? आणि हेच शब्द प्रमाणाबाहेर भरले जातात तेव्हा त्या प्रकाराला मराठीत काय म्हणावे? जाणकारांनी कृपया मत द्यावे.

प्रतिसाद

‘कळशब्द’ मला मान्य होणार नाही. ‘कळफलक’ रूढ झाला, कारण तेथे बोटाने दाबण्याची कळ प्रत्यक्ष समोर असते. ‘कळीचा मुद्दा’ या प्रयोगात यंत्राची किंवा कुलपाची कळ अभिप्रेत आहे, हे आपल्याला सवयीने समजते. पण सुटा ‘कळ’ हा शब्द वाचला की आधी पोटातली कळ आठवते, मग कुणीतरी लावलेली कळ, आणि तिच्या पाठोपाठ कळीचा नारद. एका शब्दात इतकी गर्दी असताना त्याच्यावर आणखी एक पारिभाषिक अर्थ लादू नये.

प्रतिसाद

मी ग्रंथालयात सूचीकरणाचे काम केले आहे, त्यामुळे हा शब्द मला थोडा वेगळ्या बाजूने दिसतो. आपण एका इंग्रजी शब्दाखाली दोन वेगळ्या वस्तू ठेवतो आहोत आणि म्हणून एकच मराठी प्रतिशब्द कुठेच नीट बसत नाही.

पहिली वस्तू म्हणजे सूचीकाराने किंवा लेखकाने मजकुराला लावलेला शब्द. शोधनिबंधाच्या सारांशाखाली पाच-सहा शब्द दिलेले असतात, ते या प्रकारचे. त्यांना ‘बीजशब्द’ म्हणण्याचा प्रघात आहे आणि तो योग्यही आहे, कारण निबंधाचे बीज त्या शब्दांत असते. संगणकाकडून अशी सूची करवून घेण्याचे श्रेय हान्स पीटर लून यांना जाते. आयबीएम कंपनीत असताना १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी लेखांच्या शीर्षकांतील महत्त्वाचे शब्द यंत्राने उचलून, प्रत्येक शब्द त्याच्या आजूबाजूच्या शब्दांसह वर्णानुक्रमे छापण्याची पद्धत रूढ केली. शीर्षकात विषयाचा शब्द असला तर लेख सापडणार आणि लेखकाने आलंकारिक शीर्षक दिले तर तो सूचीत हरवणार, ही गोष्ट तेव्हापासूनची आहे. आज ती नव्याने सांगितली जाते इतकेच.

दुसरी वस्तू म्हणजे शोधणाऱ्याने चौकटीत लिहिलेला शब्द. तो त्याचा असतो, आपला नसतो. गुगलच्या जाहिरातविभागातही हा भेद पाळलेला आहे : जाहिरातदार निवडतो तो ‘कीवर्ड’ आणि लोकांनी प्रत्यक्ष टंकलेली ती ‘सर्च टर्म’, आणि दोन्हींचे तक्ते वेगवेगळे मिळतात. म्हणून माझी सूचना अशी की, लेखकाने लावलेल्याला ‘बीजशब्द’ म्हणावे आणि वाचकाच्या बोटांतून आलेल्याला ‘शोधशब्द’.

आता पुनरुक्तीविषयी. कॅरन स्पार्क जोन्स या संशोधिकेने १९७२मध्ये असे मांडले की, शब्दाचे वजन तो संग्रहातील किती कागदपत्रांत येतो यावरही ठरवावे. जो शब्द सर्वत्र आढळतो तो काहीच वेगळे करून दाखवत नाही. मराठीत ‘आहे’ आणि ‘मध्ये’ जवळजवळ प्रत्येक पानावर असतात, म्हणून शोधात त्यांना मोल नाही, ‘मोतीबिंदू’ला आहे. पुढे आलेल्या सूत्रांत अशीही सोय झाली की, एखादा शब्द पानावर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आला तर वजन वाढते, पण ती वाढ झपाट्याने मंदावते आणि आठव्या वेळेला जवळजवळ काहीच पदरात पडत नाही. शिवाय पानाची लांबीही हिशेबात धरली जाते. ‘आठ वेळा’ या अटीला त्यामुळे गणिताचाही आधार उरत नाही.

प्रतिसाद

संकेतस्थळांची पाने शोधयंत्रात वर आणणे हा माझा व्यवसायच आहे, म्हणून काही व्यावहारिक गोष्टी नोंदवतो आणि त्यांतल्या संज्ञांवरही बोलतो.

पूर्वी पानाच्या न दिसणाऱ्या भागात शब्दांची यादी देण्यासाठी एक स्वतंत्र जागा असे. लोकांनी तीत वाटेल ते भरले, त्यामुळे तिच्यावरचा विश्वास उडाला, आणि सप्टेंबर २००९मध्ये गुगलने जाहीरपणे सांगितले की, शोधाच्या निकालांचा क्रम ठरवताना ती यादी आपण विचारात घेत नाही. तरीही मला आजही अशी सूचनापत्रके येतात, ज्यांत या यादीसाठी वीस-वीस शब्द मागितलेले असतात. वरच्या ग्रंथपालांच्या भाषेत सांगायचे तर, बीजशब्दांची ती जागा संपली. शोधशब्दांची जागा मात्र दिसणाऱ्या मजकुरात आहे.

त्या जागांमध्ये सर्वांत मोलाची जागा शीर्षकाची. येथे मी मराठीत ‘शीर्षक’ आणि ‘मथळा’ असा भेद करतो. शोधाच्या निकालात सहसा जी निळी ओळ दिसते आणि ब्राउझरच्या पट्टीत जे नाव येते, ते शीर्षक; पान उघडल्यावर मोठ्या अक्षरांत दिसतो, तो मथळा. दोन्ही सारखे असलेच पाहिजेत असे नाही. निकालात शीर्षकाखाली येणारे दोन ओळींचे वर्णन क्रमावर थेट परिणाम करत नाही, पण माणूस ते वाचून पान उघडायचे की नाही हे ठरवतो, त्यामुळे तेथे तारेची भाषा वापरणे हे गिऱ्हाईक दारातून परत पाठवण्यासारखे आहे. चित्रासाठी द्यायचा पर्यायी मजकूर दृष्टिहीन वाचकाला यंत्र वाचून दाखवते. नेत्ररुग्णालयाच्या पानावर त्या जागी ‘मोतीबिंदू पुणे स्वस्त मोतीबिंदू’ असे लिहिलेले मी पाहिले आहे आणि ते पाहून मला लाज वाटली.

पानाच्या पत्त्याविषयी (यूआरएल) एक गंमत सांगतो. ‘मोतीबिंदू’ हा शब्द काना-मात्रा-अनुस्वार धरून युनिकोडच्या, म्हणजे संगणकावरील लिपिचिन्हांच्या प्रमाणसंचाच्या, नऊ चिन्हांचा आहे. प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांनी लिहिली जाते. ब्राउझरमध्ये आपल्याला देवनागरी दिसते, पण पत्ता उचलून संदेशात चिकटवला की बहुतेक वेळा त्या एका शब्दाची एक्याऐंशी अक्षरांची माळ होते. तोच शब्द रोमन लिपीत नऊ अक्षरांत मावतो. शोधयंत्राला दोन्ही चालतात; माझा कल अशा ठिकाणी छोट्या रोमन पत्त्याकडे असतो.

एक संज्ञा मात्र दुरुस्त करायला हवी. ‘लाँग-टेल कीवर्ड’चे ‘लांब शेपटीचा शब्द’ असे भाषांतर केले जाते आणि त्यावरून लांबलचक शब्दसमूह असा अर्थ घेतला जातो. शेपटी शब्दाला नसते, आलेखाला असते. थोडे शब्द खूप जण शोधतात आणि असंख्य शब्द अगदी थोडे जण शोधतात; त्या दुसऱ्या भागाचा आलेख शेपटीसारखा लांबत जातो. असे शोध बहुधा लांब असतात हे खरे, पण लांबी हे त्यांचे लक्षण नव्हे. मी त्यांना ‘विरळ शोध’ म्हणतो.

आणि ‘रँकिंग’ला ‘मानांकन’ म्हणू नये, ही विनंती. टेनिसमध्ये स्पर्धेआधी खेळाडूला देतात ते मानांकन. येथे ‘क्रम’ किंवा ‘शोधक्रम’ पुरेसे आहे.

प्रतिसाद

क्रियापदाबद्दल. ‘पेरणे’ हा शब्द ऐकायला गोड आहे, तथापि ‘बातमी पेरणे’ या प्रयोगाने त्याला आता लबाडीचा वास लागला आहे. शिवाय ज्याने तिफणीमागे चालताना चाड्यावर मूठ धरली आहे त्याला ठाऊक असते की, बी किती आणि किती अंतरावर पडते यावरच सगळे अवलंबून आहे; पेरा दाट झाला तर पुढे विरळणी करावी लागते, नाहीतर रोपे एकमेकांचे खाऊन खुरटतात. सूचनापत्रक लिहिणाऱ्यांनी ‘पेरणे’ हा शब्द उचलला आणि विरळणी विसरले. मराठीत ‘शब्दयोजना’ हा जुना आणि नेमका शब्द आहे. कोणता शब्द आणि कुठे, हे दोन्ही त्यात येते. ‘शोधशब्दांची योजना’ असे म्हटल्यास प्लेसमेंटचा अर्थ पूर्ण उतरतो.

प्रमाणाबाहेर भरण्याला तर नवा शब्द शोधण्याचे कारणच नाही. खोगीर फुगवण्यासाठी हाती लागतील त्या चिंध्या आणि लोकर आत कोंबत, त्यावरून आलेला ‘खोगीरभरती’ हा शब्द आपल्याकडे तयार आहे. इंग्रजीतही या प्रकाराला ‘स्टफिंग’च म्हणतात, दोन्ही भाषांनी एकच क्रिया पाहिली, पण आपल्या शब्दात भरलेल्या मालाची लायकीही सांगितलेली आहे. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवण्याचा जो प्रकार एके काळी बोकाळला होता, तो वेगळा. ती भरती नव्हे, ती लपवाछपवी, आणि गुगलच्या नियमांत दोन्ही निषिद्ध आहेत.

प्रतिसाद

मूळ पेच रूपांचा आहे, त्याकडे परत येऊ या. ‘मोतीबिंदू’ निदान प्रत्यय लागूनही ओळखू येतो. ‘थालीपीठ’चे ‘थालीपिठाची’ होते आणि दीर्घ वेलांटी ऱ्हस्व होते. ‘कापूस’चे ‘कापसाचे’ होते आणि ऊकार नाहीसाच होतो. हे शुद्धलेखनाच्या नियमांप्रमाणेच आहे. इंग्रजीसाठी आखलेली ‘जसाच्या तसा’ची अट या भाषेला लावणे म्हणजे विभक्ती विसरा असे सांगणे आहे. शोधयंत्रे मात्र या बाबतीत पुढे सरकली आहेत. संपूर्ण वाक्यातील शब्दांचा परस्परसंबंध लक्षात घेणारी ‘बर्ट’ ही पद्धत गुगलने ऑक्टोबर २०१९मध्ये इंग्रजी शोधासाठी आणली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ७०हून अधिक भाषांसाठी लागू केली. प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये ज्या वाक्यात नीट आहेत, तेच वाक्य अशा पद्धतीला अधिक सांगते.

खरी अडचण असते ती डोळ्यांना न दिसणारी. ‘ॲलर्जी’मधला ‘ॲ’ युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्ह म्हणून २००८मध्ये आला. त्याआधी लोक ‘अ’ लिहून त्यावर चंद्र जोडत, मधे न दिसणारे जोडचिन्ह घालत किंवा ‘ए’वर चंद्र असलेले हिंदी धाटणीचे अक्षर वापरत. आजही कळफलकागणिक हे वेगवेगळे उमटते. वाचणाऱ्याला शब्द एकच दिसतो. यंत्राला ते निरनिराळे आहेत आणि युनिकोडचे प्रमाणीकरणही त्यांना एक करत नाही. आठ वेळा तोच शब्द लिहिण्यापेक्षा संपूर्ण संकेतस्थळावर ‘ॲ’ एकाच पद्धतीने उमटतो आहे ना, हे एकदा तपासणे अधिक उपयोगाचे आहे.

प्रतिसाद (व्यवसायाविषयी वर लिहिणारा)

एक मुद्दा राहिला. ‘शोधशब्द’ वाचकाचा असतो हे मान्य केले, तर ‘शस्त्रक्रिया’ हा शब्दही तपासावा लागेल. ज्यांच्या घरात आजीच्या डोळ्याला पडदा आला आहे, ती माणसे ‘मोतीबिंदू ऑपरेशन’ असे लिहितात. आपल्या पानापर्यंत लोक कोणते शब्द लिहून पोहोचले हे गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये पाहता येते; मी हाताळलेल्या आरोग्यविषयक पानांवर ‘ऑपरेशन’ पुढे आणि ‘शस्त्रक्रिया’ मागे, असेच चित्र दिसले. शीर्षकात ‘ऑपरेशन’ आणि मजकुरात ‘शस्त्रक्रिया’ अशी विभागणी मी करतो. शुद्धतावाद्यांनी रागावू नये. आणि लेख खरोखर खर्चाविषयी असेल तर भिंगाचे प्रकार, फेको, बिनटाक्यांची पद्धत, विमा, नंतरचे डोळ्यांतले थेंब हे शब्द त्यात आपोआप येतीलच. ते मुद्दाम योजावे लागत नाहीत.

प्रस्तावकाचे उत्तर

सर्वांचे आभार. ‘बीजशब्द’ आणि ‘शोधशब्द’ हा भेद मी स्वीकारतो. ‘शब्दयोजना’ घरातच होती आणि मी ती अंगणात शोधत होतो. ‘खोगीरभरती’ तर मी इतर लेखांबद्दल नेहमी वापरतो, स्वतःच्या कामाला लावण्याचे सुचले नव्हते.

लेखाचे शीर्षक आता ‘पुण्यात मोतीबिंदूचे ऑपरेशन : खर्च किती येतो आणि कशावर ठरतो’ असे केले आहे. पहिले वाक्य असे झाले : ‘पुण्यात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला येणारा खर्च मुख्यतः डोळ्यात कोणते भिंग बसवायचे यावर अवलंबून असतो.’ मामांनी ते वाचून कागद परत न देता पुढचा परिच्छेद वाचायला घेतला. मध्यस्थ संस्थेच्या तपासणी-साधनाने मात्र लेखावर ‘कीवर्ड : ० वेळा’ असा लाल शेरा मारला आहे. ‘पुण्यात’ या शब्दात ‘पुणे’ आहे, हे त्यांना समजावून सांगणारे पत्र मी आज लिहायला बसलो आहे.